मागच्या वर्षीची सूचनापत्रिका

आमच्या घरात छापील कागद प्रथम माझ्या हाती येई. वीजबिल असो, भाडेकरार असो, मी लाल शाईने खुणा करून मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. सरकारी कार्यालयांशी आयुष्यभर पत्रांनी भांडून मी ही सत्ता मिळवली होती.

म्हणून विधी महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची सूचनापत्रिकाही मुलीने न उघडताच माझ्यापुढे ठेवली. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. आदल्या वर्षी ती थोडक्यात हुकली होती आणि तेव्हाची पत्रिका माझ्या फायलीत खुणांसह होती. नवीचे मुखपृष्ठ तेच, जाडी तेवढीच. मी जुनीच वाचून दाखवली: उत्तरांचे गोल गडद पेन्सिलीने भरावेत, अन्य साधन चालणार नाही.

औरंगपुऱ्यातल्या दुकानात मी चार प्रकारच्या पेन्सिली कागदावर घासून पाहिल्या. माझ्या पत्रांचा कागद वर्षानुवर्षे तोच दुकानदार पुरवीत असे.

"काका, पेपर पोरीचा हाय का तुमचा?"

"नियम वाचणारा मी आहे."

"मग एक काळा बॉलपेनबी राहू द्या की जवळ. खिशाला काय भार व्हतोय?"

"निषिद्ध वस्तू जवळ बाळगणे हाही नियमभंगच," मी त्याला सुनावले. घरी येऊन मुलीच्या पाकिटातला काळा पेन मी स्वतः काढून घेतला.

निकालात तिच्या क्रमांकापुढे गुणच नव्हते. मी खरमरीत पत्र पाठवले. दोन ओळींचे उत्तर आले: यंदा केवळ काळा बॉलपेन ग्राह्य होता, पेन्सिलीचे गोल यंत्राने वाचलेले नाहीत.

"इतरांच्या हातात पेन दिसले नाहीत तुला?" मी तिलाच दरडावले.

"दिसले ना. शेजारची मुलगी पेननंच गोल भरत होती. मला तिची दया आली, अण्णा. वाटलं, हिच्या घरी कुणी वाचून दाखवलं नसेल."

त्या रागात मी चार पानी अपील लिहिले आणि सहीसाठी तिच्यापुढे सरकवले. आजवर मी बोट ठेवीन तिथे ती सही करीत असे. त्या दिवशी तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. तिसऱ्या पानावर ती थांबली.

"सूचना संदिग्ध होती, असं लिहिलंय तुम्ही."

तिने कपाटातून नवी पत्रिका काढली. तिची पाने एकमेकांना चिकटलेली होती, ती तिने नखाने सोडवली.

"संदिग्ध नाही, अण्णा. पहिल्याच पानावर आहे."

तिने सही केली नाही. ते अपील अजून फायलीत आहे.

पुढे चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून तिचे नेमणूकपत्र आले. दारातच उभी राहून तिने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवले. मी समोरच बसलो होतो, चष्मा लावून.