समोरचे काका आणि बाबांची तब्येत

आमच्या समोर राहणाऱ्या काकांइतका निरोगी माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात नव्हता, आणि त्यांच्या निरोगीपणाने आमच्या नया बाजार भागातली जेवढी माणसं हैराण झाली, तेवढी हिवतापानेही झाली नसतील. काका पूर्वी रियासतीच्या फौजेत कवायत शिकवायचे. रियासत विलीन झाली, फौज गेली आणि काका पेन्शनीवर घरी बसले. शिकवायला शिपाई उरले नाहीत, तेव्हा त्यांनी गल्लीच हाताखाली घेतली. पहाटे भिजवलेले हरभरे आणि आल्याचा तुकडा, मग कडुलिंबाची कोवळी पानं, मग थंड पाण्याची आंघोळ, पौष असो की माघ. घास बत्तीस वेळा चावायचा, हा नियम. एका मुंजीत पहिली पंगत उठली, दुसरी बसली, तरी काका वरणभातावरच होते. वाढणाऱ्याने विचारलं, "काका, जिलबी?" काकांनी तोंडातला घास संपवला, तोवर तो बिचारा ताटकळत उभा, आणि मग म्हणाले, "जहर आहे." गजक मात्र त्यांना चालायची. हिवाळ्यात ती रोज लागायची. कोणी हसलं तर म्हणत, "तीळ आहे, गूळ आहे. मिठाई थोडीच आहे?"

मी इंग्रजी शाळेतून नुकतीच कॉलेजात गेले होते आणि फारसं कोणाशी बोलत नसे. खिडकीशी वाकून वाचत बसले की रस्त्यापलीकडून आवाज येई, "बेबी, पाठ!" मी ताठ बसे.

बाबा सरकारी कचेरीत होते. त्या वर्षी त्यांना कावीळ झाली आणि रजा लांबतच गेली. नेमकी तेव्हाच राज्यांची पुनर्रचना आली. कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, याच्या याद्या होऊ लागल्या. प्रकृतीचा दाखला जो आणणार नाही तो घरी बसणार, असं सगळे म्हणत होते, आणि आमच्या घरात मिळवणारे बाबा एकटेच होते. काका आले, बाबांची नाडी धरली, जीभ पाहिली. "बाबूसाहेब, दोन महिने मला द्या."

आई म्हणाली, "भाऊजी, दोन पावलं टाकली तर धाप लागते त्यांना."

"मग तीन टाकवतो, वहिनी."

पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, मग चौकापर्यंत, असं करत महिन्याभरात बाबा एक कोस चालू लागले. काका कायम दहा पावलं पुढे. मागे वळून बघत नसत. तरी बाबा एकदा हलवायाच्या दुकानाशी रेंगाळले, तर काकांना कसं कोण जाणे कळलं. हलवाई गयावया करू लागला, "दद्दा, एक ही कचौड़ी तो है!" काका गरजले, "एक से ही शुरू होता है!" बाबा उपाशीपोटी घरी आले आणि मुकाट्याने मुगाचं पाणी प्यायले.

तपासणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला होती. आईने टांगा बोलावला. काका म्हणाले, "पायी जाऊ. रक्त फिरतं." शेवटी ते दोघे पुढे पायी आणि मागे टांगा, त्यात मी आणि दुधाचा लोटा, अशी आमची मिरवणूक मुरारला पोचली. टांगेवाला वाटभर हसत होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "ये तो दौड़ रही है. कैसे आए?"

"पैदल," बाबा म्हणाले. "नया बाज़ार से."

डॉक्टरांनी त्यांना अर्धा तास बाकावर आडवं केलं. काका व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांची चाल कवायतीची नव्हती. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बेबी, टांग्याने आणायला हवं होतं का ग?" मी त्यांना दूध दिलं. त्यांनी ते घेतलं आणि हातात धरूनच उभे राहिले. अर्ध्या तासाने डॉक्टर पुन्हा नाडी पाहून हसले. "नया बाज़ार से पैदल आया आदमी अनफिट कैसे लिखूँ?" आणि सही केली.

गल्लीत पेढे वाटले. काकांनी एक खाल्ला. पुढच्याच महिन्यात हुकूम आला: नव्या राजधानीत, भोपाळला रुजू व्हा. आईने सगळा राग काकांवर काढला. "झालं समाधान? अशक्त होते, पण इथे तरी होते!"

"भोपाळला तलाव आहे म्हणे, वहिनी," काका म्हणाले. "हवा चांगली असणार."

जायच्या दिवशीही ते पहाटे हजर. सामान बांधून पडलेलं, गाडी दहाची, आई नको नको म्हणत असताना दोघे फिरायला गेले. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी खिडकीत जाऊन उभी राहिले. शेवटी चौकातून येताना दिसले. बाबा पुढे होते. काका मागे, एक हात कमरेवर ठेवून, घाई नसल्यासारखे. बाबा थोडं चालत, थांबत, आणि काका जवळ आले की पुन्हा निघत.