हिचा कान बंद आहे

धारच्या शिलेखान्यात मी कारकून होतो. म्हणजे जुन्या ठासणीच्या बंदुका पुसून घ्यायच्या आणि कोणती कुठल्या मुलखात घडली ते वहीत लिहायचं. सहा महिन्यांत मला एवढं कळलं, की सिंधकडच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, विळ्यासारखं वाकडं असतं; तोच दस्ता, मारवाड-माळव्याचा सरळ नि सडपातळ, दक्षिणेकडचा मागे रुंद. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला जाणकार समजू लागलो. पंगतीत, देवळात, एकदा तर मयतीला जातानाही मी दस्त्यांबद्दल बोललो. मला पाहिलं की शिपाई लगबगीनं कामाला लागत. सरकारला माझा झालेला उपयोग तेवढाच.

अशात मामा मला देवासला मुलगी दाखवायला घेऊन गेले. मुलगी विशी गाठलेली, म्हणजे त्या काळी लोक कुजबुजू लागत. माझं वय मी सांगत नाही. मी शिलेखान्यात आहे हे कळताच तिच्या वडिलांनी कौतुकानं खुंटीवरची बंदूक काढून माझ्यापुढे ठेवली. तेवढ्यात मुलगी फराळाचं ताट घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या पाटावर बसली.

मी पाहायला आलो होतो मुलगी, पाहिली बंदूक. नळीत करंगळी घालून आत आट्या, म्हणजे पिळाच्या खाचा, आहेत का ते तपासलं. करंगळीला काहीच कळलं नाही, तरी मी मान डोलावली.

"ही इकडची नाही," मी म्हणालो. "हिचा बांधा दक्षिणेकडचा आहे."

"हो नी!" वडील खूश झाले. "आमचे पूर्वज तिकडूनच आले ना."

मामा खोकले. मला तो खोकलाच वाटला. मी तासभर नाही तरी पाऊण तास बोललो असेन. मग नळीच्या बुडाशी नख फिरवलं. बत्तीची आग आतल्या दारूपर्यंत पोचावी म्हणून तिथे छिद्र असतं, त्याला कान म्हणतात. इथे त्यात शिसं भरून वरून झिलई केली होती. मी पकडलंच ते.

"हिचा कान बंद आहे!" मी विजयी मुद्रेनं म्हणालो. "आणि तुम्ही वरून चकचकीत करून ते लपवलंय."

वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी मामांचा हात धरला.

"भिया, माफ करा. लहानपणी गोवर निघाला होता, तेव्हापासून डाव्या कानानं कमी... नाही, झूठ कशाला बोलू, बिलकुल ऐकू येत नाही, उजव्यानंही जवळून बोललं तरच. दो जगह खरं सांगितलं, तर दोन्हीकडून नकार आला. म्हणून या वेळी चूप राहिलो."

बंदूक माझ्या मांडीवर होती आणि हे कुणाच्या कानाबद्दल चाललंय ते समजायला मला बराच वेळ लागला. समजलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी हिच्याबद्दल नाही, हिच्याबद्दल बोलत होतो," असं म्हणून मी प्रकरण आणखी चिघळवलं. दस्ता पाहून मुलूख सांगणाऱ्या या शहाण्याला, शेजारी बसलेल्या माणसाला आपलं एक अक्षरही पोचत नाही हे कळलं नव्हतं.

मुलगी वडिलांकडे पाहत होती. त्यांनी पलीकडून वाकून तिला झालेलं सांगितलं. ती लाजली नाही, रडली नाही. सरळ माझ्याकडे वळली.

"तुम्ही माझ्या डाव्या बाजूला आलात, मला काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "एवढा वेळ काय सांगत होतात? पुन्हा सांगता का?"

पुरे करा, असं मला पुष्कळांनी सांगितलं होतं. पुन्हा सांगा, असं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

मी बंदूक बाजूला ठेवून उठलो. मी निघालो असं समजून वडिलांनी मान खाली घातली. मी माझा पाट उचलला, वळसा घालून तिच्या उजव्या हाताला मांडला, आणि सुरुवातीपासून सांगू लागलो.