सक्तीची सावली

वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती आणि सगळं दोहा खणून ठेवलेलं होतं. आमच्या कंपनीकडे एका स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम होतं. मी कॉन्ट्रॅक्ट्स बघायची, म्हणजे सबकॉन्ट्रॅक्टरांबरोबरचे करार लिहायचे आणि नंतर वर्षभर त्यांच्याशी भांडायचं. माझा बॉस अमेरिकन होता, युटाचा, पन्नाशीतला, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच. तो मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा आहे हे पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण साइट ऑफिसात करकचे, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहाचे, कप फिरले तेव्हा त्याने नको म्हटलं. चहा नाही, कॉफी नाही, दारू तर नाहीच.

महिन्यातून एकदा तो उपास करायचा. दोन वेळचं जेवण बंद, पाणीसुद्धा नाही, आणि त्या जेवणाला जो खर्च आला असता तो गरिबांसाठी चर्चला द्यायचा. मी कौतुकाने म्हटलं, आमच्यातही उपास असतात.

"मग वाचलेलं अन्न कोणाला देता?" त्याने अगदी सरळ विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस उभा राहिला. "वाचत नाही," मी म्हणाले.

माणूस चांगला होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच चिडणार आहे. एखाद्या मजुराच्या घरी कोणी आजारी आहे असं कळलं की हा स्वतः जाऊन चौकशी करायचा. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, प्रार्थना झाली की तो आणि त्याची बायको गाडीत साबण, टॉवेल आणि टोप्यांचे खोके भरून इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या खोल्यांकडे जायचे. मी तोवर चार वर्षं कतारमध्ये होते. तिकडे मी फक्त गाडीचं काम करून घ्यायला गेले होते.

उन्हाळ्यात दुपारचे काही तास उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते. आमच्याकडे ती काटेकोर पाळायचे. भोंगा वाजला की हातातलं खाली. पण काम थांबवून माणसांनी जायचं कुठे, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. एका सबकॉन्ट्रॅक्टरने एक पोर्टा केबिन ठेवली होती. तिच्यात वीस-पंचवीस जण दाटीवाटीने बसायचे. बाकीचे मिळेल त्या सावलीत आडवे व्हायचे: न पुरलेल्या पाइपांत, प्लायच्या थप्पीआड, उभ्या ट्रेलरखाली.

जुलैमधल्या एका दुपारी शटरिंगचा एक सुतार असाच ट्रेलरखाली झोपला होता. बिहारचा होता, पस्तिशीचा. ड्रायव्हरला ते माहीत नव्हतं. त्याने ट्रेलर जरासा पुढे घेतला आणि चाक सुताराच्या उजव्या पायावरून गेलं. किंकाळी आमच्या ऑफिसात ऐकू आली. सगळ्यांत आधी धावला तो बॉस. आपला शर्ट काढून त्याने पाय बांधला आणि अँब्युलन्स येईपर्यंत बनियनवर, त्या उन्हात, सुताराचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला.

सुताराच्या पायाची दोन बोटं गेली.

त्यानंतर बॉस रोज संध्याकाळी हॉस्पिटलात जायचा. बायकोने केलेलं सूप न्यायचा, सुताराच्या घरच्यांशी व्हिडिओ कॉल जोडून द्यायचा. एकदा मी बरोबर गेले. बॉस नर्सशी बोलायला बाहेर गेला तेव्हा सुतार मला हळूच म्हणाला, "साहब बहुत भले आदमी हैं, मैडम. रोज आते हैं. एक छप्पर डलवा देते तो मेरा पैर भी बचता, उनका चक्कर भी."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी सकाळी एक कलम लिहून काढलं. यापुढे प्रत्येक सबकॉन्ट्रॅक्टरने प्रत्येक माणसाला आडवं होता येईल इतक्या एसी केबिन द्यायच्या. नाही दिल्या तर बिल अडवायचं. सोबत सरकारी खात्याला पाठवायला एक पत्रही केलं, की विश्रांतीच्या जागेचीही सक्ती करा. बॉसने दोन्ही वाचलं, पत्र बाजूला ठेवलं आणि कलमावर आडवी रेघ मारली.

"केबिन मी आणतो," तो म्हणाला. "चर्चमधल्या लोकांशी बोलतो. आठवड्याभरात दोन तरी उभ्या करू."

"दोन पुरणार नाहीत. आणि पुढच्या साइटवर काय? तिथे तुम्ही नसाल."

"तिथेही कोणीतरी चांगला माणूस असेल."

"आणि नसला तर?"

त्याने खुर्ची मागे घेतली. रागावला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "हे बघ, मी दिलं तर माझं मन मोठं होतं आणि घेणाऱ्यालाही कोणीतरी आपली काळजी करतंय हे कळतं. सरकारने माझ्याकडून ओढून घेऊन दिलं तर दोघांनाही काहीच होत नाही. सक्ती आली की दया संपली. आमच्या गावी आम्ही असंच मानतो आणि मतही त्यालाच देतो."

"त्याला दया नको आहे. त्याला सावली हवी आहे."

"सावली तर देतोच आहे मी," तो म्हणाला, आणि खरंच त्याच दुपारी फोन करायला बसला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

घरी, अल मुंतझाच्या फ्लॅटमध्ये, मी नवऱ्यापुढे सगळं ओकले. तो म्हणाला, "अगं, तू कशाला डोकं घालतेस? यांना गावी एवढंही मिळत नाही." आणि लगेच उठून वॉचमनला फोन लावला, कारण बेडरूमचा एसी नीट गार करत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी बॉसने आम्हाला जेवायला बोलावलं. मी नको म्हणत होते, पण नवरा म्हणाला की बॉसला नाही म्हणू नये. त्याच्या बायकोने आमच्यासाठी मांस नसलेला बटाट्याचा भाजलेला पदार्थ केला होता, आणि हिरव्या जेलीत किसलेलं गाजर घातलेलं काहीतरी होतं ते सॅलड आहे असं ती म्हणाली. ती पूर्वी शाळेत शिकवायची. जेवताना तिनेच विषय काढला.

"तुझं कलम याने खोडलं ना?" ती मला म्हणाली. "मला सांगितलंय याने. मी असते तर तुझ्या बाजूने मत दिलं असतं."

मला वाटलं, पाहुणी म्हणून गोड बोलतेय. पण ती पुढे सांगत गेली. ती दहा वर्षांची असताना तिच्या वडिलांची नोकरी गेली. चर्चच्या कोठारातून डबाबंद भाज्या, पीठ आणि दूध यायचं, त्या बदल्यात वडील शनिवारी तिथेच खोके लावायला जायचे. शिवाय सरकारची धान्याची कुपनं होती. "चर्चचं अन्न वडील ताठ मानेने आणायचे," ती म्हणाली, "आणि कुपनं घेऊन आईला दुसऱ्या गावच्या दुकानात पाठवायचे, कोणी बघू नये म्हणून. पण मी सहा भावंडांतली. मला आठवतंय, नुसत्या चर्चच्या डब्यांवर आमचं भागलं नसतं."

"त्यांनी अजून चार दारं ठोठावली असती तर भागलं असतं," बॉस म्हणाला.

"त्यांनी ठोठावली होती. आणि गरिबाने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंय असं म्हणून हात आखडू नका, हे आपल्याच धर्मात शिकवलंय. हाताने द्या की कायद्याने, यावर मला लहानपणी तरी कोणी धडा दिला नव्हता."

"म्हणजे तुम्ही दोघं..." नवऱ्याने विचारलं.

"एकाच बाकावर बसून प्रार्थना करतो," ती हसत म्हणाली, "आणि निवडणूक आली की एकमेकांचं मत खोडून येतो. सव्वीस वर्षं."

बॉसही हसला. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षं हे दोघं गमतीने वाद घालतायत आणि तिकडे माणसं ट्रेलरखाली झोपतायत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रविवारी ऑफिसात गेले तर टेबलावर माझं कलम होतं. रेघेखाली ते त्याने पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, माझ्यापेक्षा कडक. सरकारला लिहिलेलं पत्र मात्र नव्हतं.

"कायदा नको," तो म्हणाला. "पण करार वेगळा. करारावर दोन्ही बाजू राजीखुशीने सही करतात."

काम हवं असलेला सबकॉन्ट्रॅक्टर आपण समोर ठेवू त्या कागदावर सही करतो, त्यात कसली राजीखुशी, हे जिभेवर आलं होतं. गिळलं. कलम घेतलं आणि आधी चारही सबकॉन्ट्रॅक्टरांच्या सह्या आणल्या.

केबिन आल्या तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. चर्चच्या लोकांच्या दोन मिळून एकूण नऊ. पहिल्या दुपारी मी आत डोकावले. माणसं ओळीने झोपली होती, चपला बाहेर जोडीने लावलेल्या. सुतार तोवर लंगडत गावी परतला होता. विमानतळावर त्याला बॉसच सोडून आला होता.

"बघ," बॉस मला म्हणाला, "कायदा लागला का?"

त्याच रस्त्याचा पुढचा टप्पा आमच्याच कंपनीकडे होता, पण मॅनेजर दुसरा होता. तिथे एकही केबिन नव्हती. मी बॉसला गाडीत घालून तिथे नेलं आणि दाखवलं. त्याने त्या मॅनेजरला लांबलचक, नम्र मेल लिहिला. उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा लिहिला. तरी नाही. आठवड्याने मी बॉसला विचारलं, "आता?" तो दुसरीकडे बघत म्हणाला, "ते तुझं सरकारी पत्र अजून आहे का?"

होतं. मी पुन्हा छापून त्याच्या हातात दिलं. त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं. पाठवलं की नाही, हे मी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, "प्रार्थना करतोय त्यावर."

त्या शुक्रवारी बॉस आणि त्याची बायको पाण्याचे आणि टोप्यांचे खोके घेऊन पुढच्या टप्प्यावरच्या मजुरांकडे निघाले, तेव्हा मीही गेले. माणसं रांगेत येत होती, बाटली घेत होती, शुक्रन, म्हणजे अरबीत आभार, म्हणत होती. बॉस प्रत्येकाचं नाव विचारत होता. मी वाटत होते आणि चिडत होते, त्याच्यावर, त्या मॅनेजरवर, आणि घरी एसीत झोपलेल्या नवऱ्यावर. खोके संपले तेव्हा रांगेत अजून तीसेक माणसं उभी होती.