पाटल्या मोडून खणलेली विहीर

काल दुकानात एक बाई ओंजळीत ज्वारी घेऊन निरखत होती, आणि मला काकू आठवली. पैशाअभावी काकांनी विहिरीचं खोदकाम थांबवलं, तेव्हा तिने हातातल्या पाटल्या काढून दिल्या.

माझी आई हळहळली, "अगं, सणावाराला काय घालशील?"

"ताटात भाकरी असली म्हणजे झाला सण," काकू म्हणाली.

विहिरीला पाणी लागलं. दोन वर्षांनी पाऊस आलाच नाही, तेव्हा गावात फक्त आमच्या शेतात ज्वारी उभी होती. काकूने शेजारच्या घरांनाही कणसं खुडून नेऊ दिली. आता वाटतं, आमच्या आळीची भूक तिने आधीच ओळखली होती.

त्या उन्हाळ्यात संध्याकाळी घराघरांतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. काकू हातातलं काम थांबवून तो ऐकत राहायची.