घडीचं हरीण

कातरीखाली पत्रा फाटताना जी करकर होते तिनं ऐकणाऱ्याचे दात आंबतात, हे मला मान्य आहे. पण माझ्या कानांना ती अजून गोड लागते, त्याला मी काय करू? बिदरला, मैलूर भागातल्या आमच्या घराच्या मागल्या पडवीत, सकाळच्या कोवळ्या उन्हात माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेलाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापत बसायची आणि त्या कर्कश नादातून एकेक प्राणी जन्माला यायचा. जन्माला म्हणजे अर्धाच हं! तिचं हरीण वहीच्या पानासारखं सपाट असे. विकत घेणाऱ्यानं ते घरी न्यायचं आणि आपल्या बोटांनी दुमडून उभं करायचं. मातीची खेळणी उमरग्याच्या बसमध्ये चढली की उतरेपर्यंत त्यांचे कान आणि शिंगं गळालेली असायची. अक्काचं हरीण मात्र ट्रंकेत दोन लुगड्यांच्या मध्ये निजून कुठंही सुखरूप जाई.

पत्र्याला हात लावण्याआधी ती शंभरदा कागदावर घडवायची. कागद कुठले? मी शाळामास्तरीण, त्यामुळे जुन्या उत्तरपत्रिका घरात ढिगानं. एकदा तिनं केलेल्या बोकडाच्या ऐन पोटावर ‘शंभरपैकी बारा’ असे गुण आले आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण हसू सरलं की तिची नजर पुन्हा त्या कागदात बुडून जाई. मान कुठं वळावी, पाय कुठल्या चिरेतून ओवावा, पाठीचा बाक किती असावा, हे सारं ती मनातल्या मनात दुमडून पाही. मग छिन्नीनं घडीच्या रेषेवर बारीक टिंबं ठोकायची, कडा कानशीनं घासायची, आणि स्वतःचा अंगठा त्या कडेवरून फिरवून बघायची. घेणाऱ्याचं बोट कापता कामा नये! न पाहिलेल्या माणसाच्या बोटाची एवढी काळजी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

हे सगळं छंद म्हणून चाललेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. अक्काच्या नवऱ्यानं दुसरी केली होती आणि ती माहेरी निघून आली होती. आमचा थोरला भाऊ, अण्णा, मनानं वाईट नव्हता. पण लोक काय म्हणतील ह्या भयानं त्याची झोप उडालेली. “दिवाळी झाली की तुला तिकडं पोचवतो. हितं बसून पत्रे कामून कापायलीस?” असं त्यानं सगळ्यांसमोर सुनावलं. अक्का म्हणाली, “मी जायची न्हाई.” शेवटी तोड निघाली ती अशी: काळ्या धातूवर चांदीची तार बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांचं किल्ल्याच्या वाटेवर दुकान होतं, त्यांनी अक्काचे प्राणी दुकानात ठेवले तर ती राहील, नाहीतर जाईल. उस्तादांची अट एकच, आणि किती न्याय्य! कुणी न सांगता त्यांना स्वतःला तिचं हरीण दुमडून उभं करता आलं पाहिजे.

आता माझ्या शहाणपणाची कथा. कुठली घडी आधी घालायची, हे पत्र्यावर लिहावं कुठल्या भाषेत? आमच्याकडं एकाच ओट्यावर मराठी, कन्नड आणि उर्दू बसते. म्हणून अक्का म्हणाली, अक्षरच नको. मी म्हटलं, मग भाग ओळीनं मांड. पाय डावीकडं, शिंगं उजवीकडं. माणूस डावीकडून सुरुवात करणारच, सगळं जग तसंच वाचतं! मुलांना शिकवणारी मी, आणि असं ठासून बोलले.

अक्का, अण्णा आणि मी हरीण घेऊन दुकानात गेलो. उस्तादांनी ते समोर ठेवलं, चष्मा पुसला आणि उजवीकडून सुरुवात केली. का नाही करणार? जन्मभर त्यांनी उर्दूच वाचली होती. शिंगं आधी वळली, मान वळली, आणि मग पाय ओवायला वाटच उरली नाही. त्यांनी मान उलगडली, पुन्हा दुमडली, पुन्हा उलगडली. पत्रा असा छळ किती सोसणार? कट् झालं आणि हरणाची मान त्यांच्या हातात आली. अण्णानं माझ्याकडं पाहिलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“चुकी मेरी है बेटी, बुड्ढे हाथां हैं,” उस्ताद ओशाळून म्हणाले.

“न्हाई उस्ताद, चूक माझ्या पत्र्याची हाय. मला आठ दिवस द्या,” अक्का म्हणाली. तिनं माझं नावसुद्धा घेतलं नाही.

त्या आठ दिवसांत ती रोज उस्तादांच्या घरी गेली. त्यांच्या बेगमला कागद द्यायचा, घरी आमच्या आईला द्यायचा, आणि स्वतः मुकाट्यानं दोघींचे हात बघत बसायचं. कौशल्य म्हणजे आपला हात चालवणं असं आपण समजतो. दुसऱ्याच्या हातापुढं आपला हट्ट मोडून ठेवणं ही केवढी मोठी विद्या! आठव्या दिवशी नवं हरीण तयार झालं. कणा मधोमध, मान एकीकडं, पाय दुसरीकडं. कुणाची वाट कुणी अडवीना.

उस्तादांनी ते उजवीकडून दुमडलं. उभं राहिलं! तेवढ्यात, कुणी सांगितलं नसताना, अण्णानं अक्कानं आणलेला तसाच दुसरा पत्रा उचलला आणि आपल्या जाडजूड बोटांनी डावीकडून सुरू केलं. त्याला घाम फुटला, पण थांबला नाही. तेही उभं राहिलं. उस्ताद दोन्हींकडं पाहत राहिले. “इसमें पहला कौनसा है, बेटी?”

“तुमी जिथनं धराल ते पयलं,” अक्का म्हणाली.

उस्तादांनी चांदीच्या नक्षीच्या दोन सुरया बाजूला सारल्या आणि तिथं जागा केली. मी तिथंच रडले, लाज सोडून रडले. माझ्या अक्काचा मला इतका अभिमान वाटला की छातीत मावेना.

घरी येताना अण्णा पुढं चालत होता. वेशीपाशी थांबला आणि मागं न बघताच म्हणाला, “पुढच्या म्हयन्याला पत्रा किती लागंल तुला?”

नवऱ्याचं घर सोडताना जिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ती माझी बहीण तिथंच रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग पदरानं तोंड पुसलं, उठली आणि म्हणाली, “सांगते. आधी बिगीबिगी घरी चला, मला लई भूक लागलीया.”