तिखटाची पुन्हा मिरची होत नाही

टूंऽऽ! तो आवाज अजून कानात आहे. कॉलेजच्या नव्या संगणक-खोलीत पासवर्ड चुकला की यंत्र असं ओरडायचं. आम्हा प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस होता. मी मराठीचा माणूस. पासवर्ड म्हणून तिसरीतल्या एका कवितेचे पहिले शब्द ठरवले होते. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना. यंत्राला ऐकू जात नसावं, अशा समजुतीनं मी कळा जोरजोरात दाबू लागलो आणि सवयीनं ती ओळ चालीसकट ओठांबाहेर पडली. मागच्या सहकाऱ्यांनी पुढची ओळ एका सुरात पूर्ण केली!

त्या हशात एक उंच, सावळे गृहस्थ माझ्याजवळ आले. “मास्तर, कविता मस्त आहे. पण आता दुसरी घ्या. आन् दिसत नाही म्हणून घाबरू नका. बाजूच्याले दिसू नये म्हणूनच ते लपवते.”

हे संगणक-खोलीचे प्रमुख, वासुदेवराव भोयर सर. आज सर पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत.

“पण सर, यंत्र मला ओळखतं कसं?” मी त्याच दिवशी विचारलं होतं. सर मूळचे भिवापूरचे, घरी मिरचीची शेती. त्यांनी उत्तरही तिथूनच आणलं.

“मिरची कुटली की तिखट होते. तिखटाची पुन्हा मिरची होते का? यंत्र तुमचा पासवर्ड कुटून टाकते आन् फक्त तिखट ठेवते. तुम्ही परत आले की तुमची मिरची पुन्हा तशीच कुटते. दोन्ही तिखटं जुळली, की दार उघडलं.”

“आणि दोघांनी एकच मिरची आणली तर?”

“म्हणून तर हरेकाच्या कुटण्यात वेगळं मीठ टाकते. मंग तिखटं जुळत नाही. आन् तो तिखटाचा डबाही कुलपात. चोरानं डबाच पळवला, तर बसू दे त्याले एकेक मिरची कुटून पाहत. कुटणं मुद्दाम सावकाश ठेवलं असते गा, हात भरून आले पाहिजे त्याचे!”

पुढे यंत्रं बदलली, कुटण्याच्या रीती सुधारल्या. सर प्रत्येक नवी रीत शिकले, पण विद्यार्थ्यांना सांगताना मिरची भिवापूरचीच राहिली. वर्गात शिकलेलं विसरलेली मुलंही तेवढं विसरली नाहीत.

सरांचा एक नियम त्यांच्या परिचयातल्या सर्वांना ठाऊक आहे. कुणी पासवर्ड टाइप करू लागलं की सर पाठ फिरवून खिडकीबाहेर पाहतात. निवृत्तीनंतर माझं यंत्र अडलं की सर नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरून स्कूटरवर येतात, आणि माझ्याही घरी तेच. सरांच्या पत्नी कुसुमवहिनी एकदा म्हणाल्या, “पाहा भाऊजी, माझ्याही वेळेले असंच तोंड फिरवतात, जशी मी परकीच!” सर खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, “परकी नाही वं. पण पासवर्ड तुझा आहे ना?”

शुभेच्छा इथंच देऊन टाकतो, कारण पुढची आठवण सांगितल्यावर माझ्यानं काही लिहिणं होणार नाही. सरांना निरोगी शंभरी लाभो, स्कूटर चालवण्याइतके गुडघे साथ देवोत आणि वहिनींची थट्टा ऐकायला कान शाबूत राहोत.

निवृत्तीपर्यंत संगणक-खोली सरांकडेच होती, हे सर्वांना माहीत आहे. ती जाता जाता राहिली, हे थोड्यांनाच.

संस्थेची एक आतली बातमी बाहेर फुटली होती. तेव्हाच्या सचिवांना प्राध्यापकांचा संशय आला. त्यांनी माझ्यादेखत सरांना फर्मावलं, “सगळ्यांचे पासवर्ड मला हवेत.”

“माझ्याजवळ नाहीत, साहेब.”

“खोलीचे प्रमुख तुम्ही, आणि तुमच्याजवळ नाहीत?”

“कोणी विसरला तर नवा ठेवून देता येते. जुना मलेही वाचता येत नाही.”

“लपवता आहात. बरं, मग एकेकाकडून मागून घ्या.”

“ते मी करणार नाही.”

“सोमवारी पासवर्ड द्या, नाहीतर खोलीच्या किल्ल्या.”

त्या खोलीतली एकेक तार सरांनी स्वतः ओढली होती. रविवारी संध्याकाळी मी नंदनवनात त्यांची समजूत घालायला गेलो. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर काढून ठेवलेला होता.

“सर, थोडं नमतं घ्या ना. खोली गेली तर तुम्ही काय कराल?”

“मास्तर, लोकांनी मले बंद दार सांभाळाले ठेवलं. मीच ते उघडून देत फिरू?”

वहिनी चहाचे कप ठेवत होत्या, तोच बेल वाजली. त्यांनी दार उघडलं. समोर सचिव! एकटेच, घामाघूम, मोटार गल्लीच्या तोंडाशीच सोडून आलेले. मला पाहून क्षणभर थबकले, मग आवाज खाली आणून म्हणाले,

“भोयर, दुपारपासून कॉलेजात बसलो होतो. मशीन मला आत घेईना. कोणाला बोलू नका, पण... माझा तरी पासवर्ड असेल ना तुमच्याजवळ?”