रुमालाखालचा हात

"हाताचं हाड शाबूत आहे, नस शाबूत आहे. बिघाड इथे आहे," असं म्हणून डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्मवर पेनाचं टोक ठेवलं. "याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली आणि तेवढा भाग उपाशी राहिला. उजव्या हाताची खबर घेणारा तो भाग होता."

मी विचारलं, "परवाच्या बाजाराआधी सोडाल का?"

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. मग म्हणाले, "इथे भाव होत नाही."

मी बैलांचा व्यापारी. गाव वलगाव, पण आठवड्यातले तीन दिवस तीन बाजारांत आणि उरलेले दिवस खेड्यापाड्यांत जोड्या बघण्यात. आमच्या धंद्यात सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा हात मिळवतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. आजूबाजूला शंभर माणसं उभी असोत, आतला आकडा दोघांनाच कळतो. पटलं नाही तर रुमालातून हात काढायचा, सौदा मोडला. माझी सगळी विद्या या पाच बोटांत आहे. शाळेची विद्या फार नाही.

परतवाड्याच्या बाजारात ते झालं. पेरणीआधीचे दिवस, ऊन तापलेलं. एक शेतकरी माझी जोडी घ्यायला आला होता. रुमालाखाली त्याने बोटं दाबली आणि मला कळेना किती दाबली. मी म्हटलं, नीट धर. त्याने पुन्हा दाबली. मला वाटलं हा खेळ करून राहिला. मी भडकलो.

"भाऊ, मी तं कवाचा दाबून राहिलो," तो म्हणाला. "तुमचाच हात मेल्यासारखा लागते."

रुमाल खाली पडला. मी उचलायला वाकलो तर हाताला रुमाल लागेना. शेजारच्या झाडाखालून आवाज आला, "अरे, याचं तोंड वाकडं झालं. गाडी आणा."

तो आवाज माझ्या मामाचा होता.

मामाबद्दल सांगावं लागेल, कारण माझं दुखणं तिथूनही येतं. बाप गेल्यावर मी मामाकडे बैलांचे दोर धरायला लागलो. धंद्यात हिस्सा देईन असं मामाने माझ्या आईला सांगितलं होतं. हिस्सा जावयाला मिळाला. मी विचारलं तेव्हा भर बाजारात मामा म्हणाला, "तू दोर धरायले बरा आहेस." त्या दिवशी मी दोर सोडला आणि शेजारच्या झाडाखाली माझी पहिली जोडी बांधली. तेव्हापासून एकच ठरवलं होतं. दर हंगामात, याच बाजारात, मामापेक्षा एक जोडी तरी जास्त विकायची. विकतही होतो.

त्या मामाच्याच गाडीतून मी अमरावतीला पोचलो. मामा पुढे बसून ड्रायव्हरला शिव्या देत होता. वेळेत पोचलो म्हणून थ्रोम्बोलिसिस करता आलं. म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. ते पहिल्या काही तासांतच देता येतं. वाचणाऱ्यांना हे नीट सांगतो: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं जड झालं, तर लिंबूपाणी पाजत बसू नका, मालीश करू नका. झोपून उठल्यावर बरं वाटेल असं म्हणू नका. गाडी काढा, आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या.

आयसीयूत घड्याळ समोर होतं. एसीची थंडी, पायाशी मशीनची टिकटिक. दुसऱ्या दिवशी बोलणं सुधारलं. तोंड हळूहळू सरळ झालं. हात उचलता यायला लागला, पण डोळे मिटले की हात आहे की नाही तेच कळेना. नर्स पेन हातात देऊन विचारायची, काय आहे? मी म्हणायचो, काहीतरी आहे.

वॉर्डात आणल्यावर डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांचं विचारलं. गोळ्या मला आधीपासून होत्या. पण त्यातली एक पाणी काढणारी, सारखी लघवीला लावणारी. सौदा रंगात आला असताना रुमालातून हात काढून जाणार कसं? हात काढला की सौदा मोडतो. म्हणून बाजाराच्या दिवशी मी गोळी घेत नसे. आमच्यातले बरेच जण असंच करतात. आणि हंगामात रोजच कुठला ना कुठला बाजार.

"तुमच्या रक्तदाबाला बाजाराचे वार माहीत नसतात," डॉक्टर म्हणाले. "एवढंच होतं तर मला सांगायचं. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. पुन्हा असा झटका आला तर हातावर भागेलच असं नाही."

बाहेरच्या बाकावर माझी बायको सुनंदा सुट्टीचे कागद मिळायची वाट बघत बसली होती. ती आत आली तेव्हा मी म्हटलं, "हात बरा झाला की पयले परतवाड्याले जातो. मामाले वाटलं असन, हा गेला."

ती म्हणाली, "मामाले काय वाटते ते तुमाले पाठ आहे. मले काय वाटते, हे इचारलं कधी? घरी येता तवा बी रुमाल खांद्यावरच असते तुमचा."

तिची बहीण अकोल्याला असते. व्यायामासाठी आम्ही तिच्याकडेच राहिलो. फिजिओथेरपी म्हणजे मेलेल्या जागेचं काम मेंदूच्या शेजारच्या जागेला शिकवणं. नाझिया मॅडम हे काम बघायच्या. त्या मला डोळे बंद करून तांदळाच्या डब्यात हात घालायला लावत. आत तूर, सरकी, बटण, नाणं लपवलेलं. ओळखून बाहेर काढायचं. मी चिडून डबा ढकलला. तांदूळ फरशीभर झाले.

"चाचा, गुस्सा डाव्या हातानं करा," त्या म्हणाल्या. "उजव्याला काम आहे."

मी तांदूळ उजव्या हाताने गोळा केले. चिडलो होतो म्हणूनच केले. रागीट माणसांना सांगतो, राग व्यायामात घालता येतो.

सरकी ओळखू यायला लागली. पण बोटावर बोट दाबलं तर किती, ते कळेना. व्यापारी म्हणून मी संपलो असंच धरून चाललो होतो. जेवण कमी झालं. एका दुपारी ओसरीत सुनंदाने माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि म्हणाली, "चला. सौदा करा."

"कायचा?"

"तुमचा. आठवड्यातले किती दिवस घरी, ते मी दाबते."

बाईने रुमालाखाली हात घातलेला मी कधी पाहिला नव्हता. तिची बहीण दारात उभी राहून हसायला लागली. सुनंदा मात्र हसत नव्हती. तिने दाबलं. मला काही कळलं नाही.

"दोन?" मी म्हटलं.

"अंदाजे सांगू नका. इतके वर्षं अंदाजानंच चाललं."

तेव्हापासून जेवण झालं की रुमाल. ती दाबायची, मी चुकायचो. ती हात काढून घेत नव्हती. मी डोळे मिटून नुसतं तिथे लक्ष ठेवायचो. सौद्यात समोरच्याच्या बोटांकडे लक्ष असतं, पण ते भावासाठी. इथे भाव नव्हता. हाताला खरबरीत काय लागतं, कुठे भाजल्याचा वण आहे, हे शोधायचो. इतकी वर्षं मी बैलांच्या दातांवरून वय सांगत आलो होतो, आणि बायकोच्या तळहाताला चर आहे हे मला माहीत नव्हतं.

एक दिवस करंगळी लागली. तिच्या शेजारी अंगठी लागली, तिची थंड कड. मग मधलं बोट. मी डोळे उघडले नाहीत.

"तीन," मी म्हटलं.

तिने आत माझी बोटं घट्ट धरली. पण बाई व्यापाऱ्याची आहे. लगेच म्हणाली, "तीन. अन् त्यातला एक दिवस परतवाड्याच्या बाजाराचा, तवा बी घरी."

"परतवाडा सोडून बोल. अकोटचा बाजार घे. चांदूर घे."

"मले परतवाडाच पायजे."

मी एक बोट दाबलं. तिने पुन्हा तीन दाबली. मी दोन दाबली. तिने तीन दाबली. बाजारात असतो तर एवढ्या अडेल गिऱ्हाइकासमोर मी केव्हाच हात काढला असता. झाडाखालची ती जागा, मामाचं तोंड, माझ्या जोड्या, सगळं डोळ्यांसमोर आलं. हात काढायला एक क्षण पुरला असता. पण कितीतरी दिवसांनी त्या हाताला काहीतरी लागत होतं.

मी हात काढला नाही. आमच्यात त्याचा अर्थ एकच होतो.

आता मी दोन बाजार करतो. गोळी सकाळी चहाबरोबर, बाजार असो नसो. हातात जे परत आलं ते मी मिळवलेलं आहे, कोणी फुकट दिलेलं नाही, म्हणून ते सांभाळतो. मामाने मला गाडीत घातलं, हे मी कोणापासून लपवत नाही. हिस्सा दिला नाही, हेही लपवत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही माझ्याजवळ राहील. झाडाखालची माझी जागा दुसऱ्या कोणी धरली असं ऐकतो. ऐकून अजून जळतं.

परतवाड्याच्या बाजारादिवशी मी वलगावला ओसरीत बसतो. दुपारचं जेवण झालं की सुनंदा येते, रुमाल मागते आणि हात पुढे करते. तीन बोटं आहेत की चार, मी बरोबर सांगतो.